बेटावरचा निळा खडा

डोळ्यांच्या दवाखान्यात शिवणवाल्या काकू पट्टी निघायची वाट पाहत बसल्या होत्या. दुसऱ्या डोळ्याने सगळंच धूसर, म्हणून कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे रत्नांना पैलू पाडणारे एक आजोबा होते, त्यांची पट्टी नुकतीच निघाली होती. सोबत लेक होती.

"बाबा, ओरडू नका. कपाटातला तुमचा निळा खडा मी चाकावर धरला."

"तो मोठा? अगं, आपली बेटं सोडली तर हा खडा जगात कुठे मिळत नाही! आणि एवढा तर आता बेटांवरही मिळायचा नाही."

"माहीत आहे."

"चाक तापलं की तडकतो तो! माझे किती गेले! म्हणून तर ह्याला हात लावायची छाती झाली नाही माझी."

"मी चाक हळू फिरवलं. जरा घासायचं, गार होऊ द्यायचं. महिनेच्या महिने गेले."

"तुकडे कुठे ठेवलेस?"

"हे घ्या तुकडे. हात पुढे करा."

"...अख्खा आहे?"

"अख्खा."

"भिंग दे."

"बाबा, डोळ्याला ताण नको."

"दे म्हणतो ना! हा पैलू... सरळ आहे. हा कोपरा... छे, हाही सरळच."

"चूक सापडली?"

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आज तुझी एक सापडेना! ओ ताई, बघा, माझ्या पोरीने पाडलेत हे पैलू!"

"मला कुठलं दिसतंय हो," काकू म्हणाल्या. "माझी पट्टी अजून निघायची आहे."

"निघू द्या की. आम्ही इथेच बसतो."