देवयानीने न सांगितलेला शब्द

सन्माननीय अध्यक्षा अहिल्याताई, व्यासपीठावर बसलेले देवयानीचे मार्गदर्शक प्राध्यापक राघव सर, मंडळाचे पदाधिकारी, उदगीरहून मुद्दाम आलेले तिचे वडील अंबादासराव आणि देवयानीच्या निरोपाला जमलेल्या माझ्या दिल्लीकर बंधुभगिनींनो,

या मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन पुष्कळ वर्षं मी केलं. 'खांबेट्यांना आवरा, जेवण गार होतंय' अशा माझ्याबद्दलच्या चिठ्ठ्याही इथेच फिरल्या. आज त्याची चिंता नको. मी सावकाश बोलणार आहे. मध्येच थांबलो तर कुणी घाबरू नका आणि कृपा करून शब्द सुचवू नका. का सुचवू नका, तेच आज सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी मला पक्षाघात झाला. हातपाय लवकर सावरले, पण वाचा गेली. गेली म्हणजे काय? आवाज होता, समोरचं सगळं कळत होतं, पण हवा तो शब्द येत नव्हता. याला वाचाघात म्हणतात. वाटी हवी असली की मी म्हणायचो, "ती खिडकी दे." माझ्या बायकोला, मीनाक्षीला, मी एकदा सगळ्यांदेखत बादली म्हणालो. हसा, तीही हसली होती. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली, हे मला ऐकू आलं. रुग्णालयातले उपचार हिंदीतून चालत. मला वाटे, आपली मराठी संपली. मी बोलणंच सोडून दिलं.

त्या सुमारास मीनाक्षीला मंडळात देवयानी भेटली. मुनिरक्यात आमच्या फ्लॅटच्या मागच्याच गल्लीत ती खोली घेऊन राहत होती. भाषाविज्ञानात एम.ए. करत होती आणि प्रबंधासाठी वाचाघात झालेला मराठी माणूस शोधत होती. आता असं स्थळ कोण कशाला शोधेल? पण ती आली. दर शनिवारी चित्रं दाखवायची, मी काही बोललो की रेकॉर्ड करायची. मी चिडलो, तोंड फिरवलं, तरी पुढच्या शनिवारी हजर.

एके दिवशी ती म्हणाली, "काका, एक सांगू? तुम्ही वाटीला खिडकी म्हणता, चष्म्याला रस्ता म्हणता. पण 'ती खिडकी', 'तो रस्ता'. स्त्रीलिंगी शब्दाच्या जागी स्त्रीलिंगीच येतो, पुल्लिंगीच्या जागी पुल्लिंगी. तुमची मराठी आत शाबूत आहे, काका. फक्त शब्द हाताशी येत नाहीये."

मंडळी, डॉक्टरांनी मला धीर दिला होता, नातेवाइकांनी दिला होता. पण पुरावा तिने दिला. त्या दिवसापासून मी बोलायचा प्रयत्न करू लागलो.

आता अंबादासराव, तुमची परवानगी आहे ना? मान हलवताहेत. ठीक.

देवयानी दिल्लीत आली होती ती यूपीएससीच्या तयारीला. तो अभ्यास सोडून तिने भाषाविज्ञान घेतलंय, हे घरी उशिरा कळलं. अंबादासराव तिला परत न्यायला आले आणि थेट आमच्या घरी पोचले. म्हणाले, "हिला कलेक्टर व्हायला पाठवलं होतं. ही इथं चित्रं दाखवत बसली! यात पुढे काय आहे, तुम्हीच सांगा."

मला सांगायचं होतं, तिला थांबवू नका. तोंडातून आलं, "तिला... थांबवा."

"ऐकलंस?" ते तिला म्हणाले. "काकाही तेच म्हणतात."

मी मान हलवली. पण तेव्हा माझी मान होकाराला नि नकाराला सारखीच हलत असे. मीनाक्षी बोलणार, तोच देवयानीने तिच्या हातावर हात ठेवला. मला काय म्हणायचंय, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. एका शब्दाचा प्रश्न होता आणि तिचं सारं शिक्षण त्यावर अडलं होतं. तरी ती गप्प राहिली. माझ्याकडे बघत राहिली, नेहमीच्या शनिवारी बघायची तशीच.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. आणि मग तो शब्द आला. "नका," मी म्हणालो. "थांबवू... नका."

अंबादासरावांनी तिला विचारलं, "हे असं रोज चालतं?"

"रोज नाही बाबा, शनिवारी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच उदगीरला परतले. निघताना तिला एवढंच म्हणाले, "येत्या शनिवारीही जा."

पुढे मी तिला विचारलं, "तू का नाही सांगून टाकलंस?" ती म्हणाली, "काका, तो शब्द तुमचा होता. मी दिला असता तर बाबांना तो माझा वाटला असता."

देवयानी आता एम.ए. झाली. म्हैसूरला संशोधन करायला निघाली आहे. तिथे ती कन्नड शिकेल, कुणाच्या तरी दारात जाईल, तो माणूसही बहुधा तोंड फिरवेल. फिरवू दे. ती बसून राहील, याची हमी मी देतो.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, आपण एवढ्या शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला भलत्याच नावाने हाक मारली असेल, तर राग मानू नये. ये देवयानी, हा नारळ घे. शब्द संपले म्हणून नव्हे, पुरेसं बोलून झालं म्हणून थांबतो.