मुठीचं माप

आमची सई कॅनडातल्या रेजिनामध्ये पोलिसात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण ती नेमबाजीत नापास होता होता वाचली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ट्रेनिंगमध्ये असताना एकदा तिचा रडवेला फोन आला. "बाबा, आजही सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. शुक्रवारी टेस्ट आहे. फेल झाले तर घरी पाठवतील."

"अगं, प्रॅक्टिस वाढव."

"प्रॅक्टिसचा प्रश्नच नाही. पिस्तुलाची मूठ माझ्या हाताला मोठी होते. बोट ट्रिगरवर नीट बसत नाही."

"मग दुसरं पिस्तूल माग."

"मॉडेल सगळ्यांना एकच असतं. मुठीची मागची पट्टी तेवढी लहान-मोठी बदलून मिळते. पण इथे कुणीच लहान घेत नाही, बाबा. मी मागितली तर म्हणतील, हिला झेपत नाही."

मी म्हटलं, "म्हणू देत. तू चपला घेताना दुसऱ्याच्या पायाचं माप देतेस का?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर हात वर करून लहान पट्टी मागितली. शुक्रवारी टेस्ट झाली आणि संध्याकाळी फोन आला.

"पास झाले, बाबा! बॅचमध्ये दुसरी!"

"आणि नेमबाजी शिकवणारे सर काय म्हणाले?"

"त्यांनी टार्गेटचा कागद हातात घेऊन नीट बघितला. मग म्हणाले, 'पुढच्या बॅचपासून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हाताची मापं घेऊ या.'"