साक्षीनंतर बंद झालेल्या गोळ्या

प्रिय मंडळी, जय ख्रिस्त.

कामं टाकून, या चिखलातून तुम्ही शालूआत्यासाठी आलात. मी तिची भाची. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण न बोलता घरी गेले तर मला झोप लागणार नाही.

आधी एक दुरुस्ती. मातीच्या वेळी मी म्हणाले, आत्या तापानं गेली. ते पुरतं खरं नव्हतं. ताप शेवटी आला. त्याच्या कितीतरी आधी तिचं जेवण तुटलं होतं, उठणं तुटलं होतं. आणि मी असंही म्हणाले की हिंगोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या तिनं आपल्या मनानं सोडल्या. तेही चूक. त्या आपण सोडायला लावल्या. आपण. या मंडळीनं.

मला राग आलाय. शोकसभेत राग शोभत नाही, कळतं मला. तरी आलाय.

तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी झड लागली, ऊन दिसेनासं झालं, की आत्या विझायची. शिवायला आलेले ब्लाउज मशीनवर तसेच पडून राहायचे. दसऱ्यानंतर ऊन पडलं की पुन्हा हसायला लागायची. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, ऋतूबरोबर येतो, गोळ्या घ्या. तिनं घेतल्या. मग भर पावसाळ्यात तिच्या मशीनचा आवाज मी ऐकलाय.

गेल्या वर्षी आपण तिच्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली. चांगलं केलं. मीही होते. तिला बरं वाटलं, हेही खरं. पण त्याच रविवारी तिला पुढं उभं केलं. साक्ष द्या म्हणालात. प्रभूनं मला बरं केलं, असं ती म्हणाली. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सरोजकाकू घरी आल्या. काकू, तुम्ही समोर बसलाय, म्हणून समोरच सांगते. मी तिथंच भाजी निवडत होते. खिडकीतलं गोळ्यांचं पाकीट तुम्हाला दिसलं.

"अवो शालूबाई, साक्ष देऊन गोळ्या? मंग साक्ष कशाची दिली तुमी? प्रभू झोपला का तुमचा?"

आत्या म्हणाली, "प्रभू जागाच हाय वो. मलाच जाग येऊन न्हाई राहिली."

तुम्ही दोघी हसलात. पण तुम्ही गेल्यावर तिनं ते पाकीट चुलीत टाकलं.

मला सांगा, उपासाच्या दिवशी काकूंना शुगरची गोळी घ्यायची होती, तेव्हा सोबत बिस्कीट कुणी आणून दिलं? आत्यानंच. तेव्हा कुणाचा विश्वास कमी पडला? कुणी विचारलं, काकू, प्रभू झोपला का?

यंदा झड लागली आणि आत्यानं अंथरूण धरलं. मी म्हणाले, "आत्या, हिंगोलीला जाऊ."

"नको लेकरा. दवाखान्यात कुणी पाहिलं तर साक्ष खोटी पडंल. लोक म्हणतील, देवानं काहीच न्हाई केलं."

पाळकसाहेब, ही बाई देवाची अब्रू राखत पडून होती. देवाला अशा राखणीची गरज होती का? मी तुम्हालाच विचारते.

आपण धीर द्यायला जात होतो. काय धीर दिला? आनंद करा. आभार माना. तोंड असं पाडू नका. पवित्र शास्त्रात एक संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूतानं त्याच्याकडं साक्ष मागितली का? भाकर दिली. पाणी दिलं. झोपू दिलं. उठवून पुन्हा जेवायला घातलं. हे मला आत्यानंच शिकवलं. शाळेच्या आधी तिच्याच मांडीवर मी अक्षरं वाचली.

धीर कसा असतो, ते तिला ठाऊक होतं. एकदा झडीच्या दिवसांत ती उपासनेत गप्प बसली होती. मी विचारलं, "आत्या, काहून गाईनास?" म्हणाली, "तू म्हण. माझ्या वाटचंबी म्हण. मी ऐकून राहिले." मंडळी याचसाठी असते ना? एकाचा आवाज बसला की दुसऱ्यानं त्याच्या वाटचं म्हणावं. आपण मात्र तिचा बसलेला आवाज ओढून बाहेर काढला.

आता जिवंत माणसाचं बोलते. आत्याची लेक करुणा तिकडं दाराशी बसली आहे. ती बोलत नाही, जेवत नाही. हे फक्त आईचं दुःख नाही. गेल्या पावसाळ्यात आई होती, तरी ती अशीच झाली होती. आणि आज सकाळी मला कळलं, येत्या रविवारी करुणानं साक्ष द्यायची ठरलंय. प्रभूनं सांत्वन केलं म्हणून. कुणी ठरवलं? तिला विचारलं? मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला उभंच राहवत न्हाई." मी म्हणाले, डॉक्टरांकडं येतेस? म्हणाली, "तू संगं असशील तर येते."

ती साक्ष देणार नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा, जरूर करा. पण तिला पुढं बोलावू नका.

आता आपण उभे राहू. गाणं नको, उपदेश नको. आत्या जशी गप्प बसायची, तसे थोडा वेळ गप्प राहू. कुणाला रडू आलं तर येऊ द्या, "रडू नका" म्हणू नका.

आणि इथून बाहेर पडल्यावर कुजबूज नको, म्हणून आताच सगळ्यांसमोर सांगते. करुणाला मी हिंगोलीला नेणार आहे. लपूनछपून नाही, गावातल्या स्टँडवरून, सकाळच्या एसटीनं. रविवारची वाट बघणार नाही. मंगळवारी.