मामांची प्रार्थना आणि सासूबाईंची कवळी

जबाब देणारी: कवळीवाली बाई. दातांच्या लॅबमध्ये मालकापासून झाडणाऱ्यापर्यंत सगळे मला याच नावाने ओळखतात. वय ४७ वर्षे. धंदा: कवळ्या बनवणे. राहणार: लॅबच्या मागच्या गल्लीत, जिन्यालगतच्या खोलीत. या देशात कामाच्या परवान्यावर आठ वर्षांपासून.

ठाण्यात बोलावून समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे:

माझ्या धंद्यापुढे साहेबांनी आधी कंसात 'सांगितल्याप्रमाणे' असा शब्द लिहिला होता. तो मी काढायला लावला आहे. इतरांच्या धंद्यापुढे असं लिहितात का, हे मी विचारलं. ठाण्याच्या दारात जे हवालदार बसतात त्यांची खालची कवळी सैल आहे, बोलताना ते जिभेने सावरून धरतात. ती माझ्या हातची नाही. एवढं सांगून पुढे जाते.

डॉक्टरकडून रुग्णाच्या हिरड्यांचं माप येतं. त्यावरून मी प्लास्टरचा साचा काढते, मेणात दात बसवते, ते तोंडात घालून बघायला पाठवते, मग मेणाच्या जागी पक्कं गुलाबी मटेरियल भरून घासूनपुसून देते. माझ्याच बाकावर समोर एक बाई बसते. ती दातांच्या कॅपना रंग देते. तिला लॅबमध्ये रंगवाली म्हणतात, मीही तेच म्हणते. ती इथलीच आहे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सासूजवळ राहते आणि सासूचं सगळं तीच करते. सासूचा दुसरा मुलगा, म्हणजे रंगवालीचा दीर, खालच्या मजल्यावर राहतो. त्याचं फर्निचरचं दुकान आहे. मी नोकरीच्या आडून रंगवालीला ख्रिस्ती केलं, अशी तक्रार माझ्याविरुद्ध त्यानेच दिली आहे.

मी ख्रिस्ती आहे. हे मी कधी लपवलं नाही आणि आजही लपवत नाही. कामाच्या वेळात मी देवाधर्माचं बोलत नाही, कारण तो वेळ मालकाचा आहे. चहाच्या सुट्टीत कोणी विचारलं तर सांगते. कोणी विचारलं नाही तर चहा पिते. रंगवालीने विचारलं, त्याचं कारण एक कवळी होती. मालकांनी 'चालेल, पाठवून द्या' म्हटलं होतं, पण मला वरखालच्या दातांचा चावा जुळलेला वाटेना, म्हणून मी ती मोडून पुन्हा मेणात घेतली. रंगवाली म्हणाली की तुला वेड लागलंय, कोण बघतंय? मी म्हटलं, ज्याच्यासाठी करते तो बघतो. तो कोण, हे तिने चहाच्या वेळी विचारलं. मी सांगितलं. माझा गुन्हा शोधायचा असेल तर तो तिथून सुरू होतो, लिहून घ्यावं.

ती काही भोळीभाबडी नाही. रोज माझी फिरकी घ्यायची. तुझ्या देवाला सांगायला दुसरं कोणी मिळालं नाही का, कवळ्यांच्या कारखान्यातच यावं लागलं का, असं विचारायची. कधी वाद घालून मला निरुत्तर करायची आणि वर माझ्याच डब्यातलं खायची. मी तिला कसली फूस लावली असं ज्याला वाटतं, त्याने तिच्याशी एकदा पाच मिनिटं बोलून बघावं.

तक्रारीत म्हटलं आहे की मी 'दातांच्या बहाण्याने घरात शिरले'. मी घरात शिरले नाही, मला बोलावलं होतं. सासूबाईंच्या तोंडात एकही दात उरलेला नाही आणि जुनी कवळी टोचते म्हणून त्या महिनोन्महिने पातळ खाऊन दिवस काढत होत्या. जिना उतरणं त्यांना जमत नाही. डॉक्टरांनी घरी येऊन माप घेतलं आणि मेणातले दात घालून बघायला मला सोबत नेलं. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेले, मी मेण थोडं खरवडत मागे थांबले. तेव्हा रंगवालीने मला म्हटलं, एवढं देवाशी बोलतेस तर यांच्यासाठी बोल. मी सासूबाईंना विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, "दात आधी दे, देवाचं मग बघू." पण हाताने 'कर, कर' असंही केलं. मी मेणाची सुरी हातात तशीच धरून दोन वाक्यं म्हटली. या माउलीला नीट जेवता येऊ दे. दात टोचू देऊ नकोस. प्रार्थना म्हणतात ती एवढीच. दार उघडं होतं.

रविवारी मी मायदेशी मामांशी फोनवर बोलते. वडील गेल्यावर मामांनीच मला वाढवलं. ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक म्हणजे धर्मगुरू आहेत. मी त्यांना म्हटलं, मैत्रिणीच्या सासूला जेवता यावं म्हणून प्रार्थना करा. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. लॅब कुठे, घर कुठे, हेही विचारलं आणि मी सांगितलं. ज्या माणसाने मला लहानाचं मोठं केलं त्याच्यापासून काय लपवायचं होतं?

पुढे काय झालं ते साहेबांनीच मला इथे ऐकवलं. मामांनी उपास-प्रार्थनेच्या सभेत माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. कोणीतरी ती फोनवर रेकॉर्ड करून सगळ्या मंडळीला पाठवली. तिथून ती हातोहात फिरत फर्निचरच्या दुकानातल्या एका विक्रेत्याच्या फोनवर आली. तो आमच्याकडचाच आहे. त्यानेच भाषांतर करून आपल्या मालकाला ऐकवली. त्या प्रार्थनेत लॅबचं नाव आहे, गल्ली आहे, मजला आहे, रंगवालीचं पूर्ण नाव आहे. त्यात मामा म्हणतात की ही भगिनी अंधारातून प्रकाशात आली, तिने तुला स्वीकारलं, प्रभू. आणि पुढे म्हणतात की आमच्या लेकीची नोकरी हे केवळ निमित्त आहे, तिचं खरं काम तू जाणतोस.

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रार्थना देवाला करायची असते. देवाला गल्ली आणि मजला सांगावा लागत नाही. मी मामांना फोन केला, तोही साहेबांसमोरच केला. विचारलं, "मामा, तिचं नाव का घेतलंत?" ते म्हणाले, "अगं बाळ, नाव घेतल्याशिवाय प्रार्थना कशी करायची? कोणासाठी ते देवाला कळायला नको?" मी म्हटलं, "देवाला कळतं. बाकी मंडळीला कळायला नको होतं." मग म्हणाले की सगळ्यांना केवढी उभारी आली गं, बायका रडल्या. त्यांना उभारी आली आणि इथे एका बाईचं घर गेलं, हे मी त्यांना सांगितलं. मी फोन ठेवला. मामांवर मी आयुष्यात प्रथमच आवाज चढवला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

दिराने रेकॉर्डिंग ऐकलं त्याच संध्याकाळी रंगवालीचं सामान जिन्यात आणून ठेवलं. ती सध्या बहिणीकडे आहे. सासूला भेटायची तिला मनाई आहे. सासूबाईंचं जेवण आता दिराची मोलकरीण करते आणि ताट पुढ्यात ठेवून निघून जाते, असं शेजारणीने कळवलं. धर्म वाचवला म्हणून छाती पुढे काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईला घास भरवून दाखवावा, मग मला बोलावं.

'नोकरी निमित्त आहे हे तुमचेच लोक म्हणतात' असं विचारल्यावरून सांगते की, माझे लोक चुकीचं म्हणतात. तुम्ही माझ्या कामाला बुरखा म्हणता आणि मामा निमित्त म्हणतात. एका बाबतीत तुमचं दोघांचं चांगलं जमलं. कवळी नीट बसली तर म्हातारं माणूस चारचौघांत तोंडावर हात न धरता हसतं. हे माझं खरं काम आहे. यातून मला देव वेगळा काढून दाखवायचा नसतो आणि यातून देव वगळताही येत नाही. हे साहेबांना पटलेलं दिसलं नाही, पण जसं सांगितलं तसं लिहावं.

साहेबांनी समजावलं ते असं. रंगवालीने धर्म सोडलेला नाही असं ठरलं तर दीर तक्रार मागे घेईल, ती घरी जाईल आणि मलाही ताकीद देऊन सोडतील. सोडला असं ठरलं तर तिला त्या घरात जागा नाही आणि माझा परवाना रद्द. त्यावर मी विचार करायला वेळ मागितला नाही, कारण खरं तेच सोयीचं होतं. रंगवालीने काहीही स्वीकारलेलं नाही. ती माझी मैत्रीण आहे, वाद घालते, चेष्टा करते, विचारते. मामांनी प्रार्थनेत जे म्हटलं ते खोटं आहे. माझे मामा, मंडळीचे पाळक, देवासमोर डोळे मिटून खोटं बोलले, असं मी लिहून द्यायला तयार आहे. हे माझंच सांगणं आहे, माझ्यावर कोणी दबाव आणला नाही.

यानंतर साहेबांनी टेबलाच्या खणातून दुसरा कागद काढला. तो रंगवालीचा जबाब होता. ती सकाळीच येऊन गेली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिलाही हेच दोन रस्ते समजावून सांगितले होते. साहेबांनी तिच्या जबाबातला शेवटचा मजकूर मला वाचून दाखवला. ती म्हणाली होती, "प्रार्थनेत जे म्हटलंय ते त्या दिवशी खोटं होतं. आता खरं आहे."

मी पाणी मागितलं. हवालदारांनी आणून दिलं.

'तुम्हाला हे माहीत होतं का' असं विचारल्यावरून सांगते की, नव्हतं. तिने मला सांगितलं नाही. कधी झालं, कसं झालं, जिन्यात सामानाजवळ बसली होती तेव्हा की बहिणीकडे, मला माहीत नाही. आठ वर्षं समोर बसून मला कळलं नाही.

'मग मामांबद्दलचं वरचं विधान मागे घेता का' असं विचारल्यावरून सांगते की, नाही. त्यातला एक शब्दही खोडू नये. ती गोष्ट तिची होती. ती केव्हा सांगायची, कोणाला सांगायची आणि त्यापायी काय गमवायचं, हे तिचं तिने ठरवायचं होतं. मामांनी ती तिच्याआधी सांगून टाकली. माझा राग तसाच आहे.

सासूबाईंची कवळी तयार आहे. बाकावरच्या कपाटात ओल्या कापसात ठेवली आहे, डाव्या बाजूला किंचित पॉलिश बाकी आहे. मला माझ्या देशात परत पाठवायचं तर पाठवा, पण ती आधी पोचवावी. पॉलिश रंगवालीला येतं. बसवायलाही तिलाच जाऊ द्यावं, सासूबाई दुसऱ्या कोणासमोर तोंड उघडत नाहीत.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्याबद्दलचं आणि मामांबद्दलचं सगळं मी सांगितलं तसंच आहे. रंगवालीबद्दलचं मला ठाऊक होतं तेवढंच आहे. पुढचं तिला विचारावं, ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते.