विसाजीपंतांचं सूतक

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कुणी पापनाशमहून पहिल्या गाडीनं आलात, कुणी उन्हातून चालत. मागे उभ्या आहात त्या बायकांनो, पुढे या गे, इथे जागा आहे. मी पुस्तकं लिहिते म्हणून मला बोलायला उभं केलंय. पण लिहिताना खोडता येतं. इथे खोडता येत नाही. तेव्हा आज जरा सांभाळून घ्या.

कावेरीबाई गेल्या. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मुलींचा वाचनवर्ग चालवणाऱ्या आपल्या बाई. त्यांचे गुण सांगायला मला जमणार नाही. मी फक्त विसाजीपंतांची हकीकत सांगते. हसू आलं तर हसा, बाईंना चालेल.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. शाळेत तमिळ आणि इंग्रजी. विलायतेच्या राजांची नावं आम्हांला तोंडपाठ. आणि मराठी? मराठी फक्त घरात बोलायची. बालबोध लिपीतलं पुस्तक हाती दिलं तर आमच्यातली निम्मी पोरं ते उलटं धरत. बाईंना हे सोसेना. त्यांनी पुण्याहून एक ऐतिहासिक कादंबरी मागवली. पेशवाईतली, दुष्काळात सापडलेल्या एका कुटुंबाची.

पुस्तक एक आणि मुली डझनभर. मग बाईंनी युक्ती काढली. कादंबरीतलं एकेक माणूस एकेका मुलीला वाटून दिलं. "आजपासून हा तुझा माणूस. याचं बरं-वाईट तुझ्याकडे. रोज घरी जाऊन याची खबर सांगायची, आणि घरची माणसं काय म्हणाली ते उद्या मला येऊन सांगायचं." माझ्या वाट्याला धाकटा मुलगा आला. चंद्राला मिळाले घरचे कर्ते, विसाजीपंत.

पहिल्याच पानावर ते कुटुंब ज्वारीची भाकरी खात होतं. आम्ही कावेरीकाठच्या मुली. भात नाही म्हणजे काय, हे आम्हांला कळेचना. आम्ही रडायला लागलो. बाई म्हणाल्या, "अय्यो, रडता कशाला? त्यांचं चांगलं चाललंय! दुष्काळ अजून पडायचाय."

पडला. आणि सातव्या प्रकरणात विसाजीपंत गेले.

चंद्रा रडत घरी गेली. तिचे आजोबा सेतुरावजी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पान लावत बसले होते. त्या दिवशी चंद्राच्या थोरल्या बहिणीला बघायला पापनाशमची मंडळी यायची होती. आत पायसम शिजत होतं.

"काय झालं गे?"

"विसाजीपंत गेले, आजोबा."

"कोण विसाजीपंत?"

"आमचे."

"कोठचे?"

"कऱ्हाडकडचे."

मंडळी, आपण पिढ्यानपिढ्या या तमिळ मुलखात, पण आपलं सगळ्यांचं कोणी ना कोणी तिकडे देशावर आहे. आहे असं म्हणतात. कुणी पाहिलेलं नाही. शे-दीडशे वर्षांत पत्र नाही, पण नातं आहे. सेतुरावजींचं घराणं कऱ्हाडकडचंच. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"गोत्र कोणतं?"

"बाईंनी सांगितलं नाही."

"मग उद्या विचारून ये. गोत्र कळेपर्यंत सूतक."

घरातली झाडून सगळी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी न्हाली. पायसम गाईला गेलं. पापनाशमची मंडळी फळांची ताटं घेऊन आली, तेव्हा सेतुरावजींनी ओल्या धोतरानं ओट्यावरूनच हात जोडले. "आमच्यात माणूस गेलंय. क्षमा असावी." मंडळी दुसऱ्या गाडीनं परत.

दुसऱ्या दिवशी विसाजीपंत कोण ते कळलं.

सेतुरावजींचा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता. "हा वर्ग आजपासून बंद!" आणि सेतुरावजी एकदा बोलले की गल्लीत त्यावर कोणी बोलत नसे. माझं तर सगळंच त्या वर्गावर होतं. कारण माझ्या वडिलांचं आणि माझं ठरलेलं होतं. वर्ग आहे तोवर शीक. वर्ग मोडला की पुढच्या मुहूर्ताला तुझं लग्न. स्थळ तयारच होतं. तमाखूचा व्यापार, घोडागाडी, आणि पहिली बायको वारलेली.

मी पायांत येणारा पावाडैचा घेर सावरत बाईंच्या मागोमाग सेतुरावजींच्या घरी धावले. बाई ओट्याखाली उभ्या राहिल्या. त्यांना कोणी वर बोलावलं नाही.

"कावेरीबाई, तुम्ही माझ्या घरात माणूस मारलात!"

"चुकलं, सेतुरावजी. पण तो पुस्तकातला माणूस. आणि खरा असता, तरी जाऊन शंभर वर्षं झाली असती."

"खबर काल मिळाली ना? मग स्नान काल!"

सेतुरावजींनी ओट्यावर हात आपटला. 

"खोटा माणूस म्हणता," सेतुरावजींचा आवाज आणखी चढला, "मग त्याला तीन मुलं कशी? चंद्रा म्हणते, धाकटा अजून रांगतो. त्या पोरांचं काय? आहे का कोणी बघायला?"

"ते पुढच्या प्रकरणात येतं."

"मला पुढचं प्रकरण नको! वर्ग बंद म्हणजे बंद!"

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. सेतुरावजींच्या थोरल्या बहिणीचा. सगळी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या. लाल लुगडं, डोक्यावरून पदर. परक्या माणसांसमोर त्या बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"कावेरी, त्या विसाजीपंतांची बायको. तिचे केस काढले का गे?"

 बाई स्वतः विधवा. त्यांनी केस राखले होते, आणि त्यावरून गल्ली काय काय बोलली ते इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

बाई म्हणाल्या, "पुस्तकात ते नाही, अक्का. लिहिणारा पुरुष आहे, त्याला सुचलं नसेल. आज मी मुलींना तेच विचारणार होते."

"मग आजचा वर्ग इथे ओट्यावर घे. मी आतून ऐकते."

"अक्का!" सेतुरावजी ओरडले.

"तू गप रे, सेतू. काल सूतक धरलंस ना? मग सुतकात बसल्या बसल्या हुकूम कसले सोडतोस?"

मंडळी, वर्ग भरला. विसाजीपंतांची बायको आमच्यातल्या कुणालाच दिलेली नव्हती. ती फारशी बोलत नसे, म्हणून राहून गेली होती. बाईंनी ती त्या दिवशी आत्याबाईंना दिली. मग विचारलं, "अक्का, तुमचं माणूस काय म्हणालं असेल?"

आत्याबाई दाराच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "तिला विचारलं असेल, तर ती नको म्हणाली असेल. मला कोणी विचारलं नव्हतं."

त्या दिवशी बाईंनी पुढे वाचलं नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि आमच्याकडे बघत बसल्या. वाचन म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. नंतर मी एवढी पानं लिहिली, पण त्या ओट्यावर जे झालं ते मला अजून साधलेलं नाही.

ज्या वर्गात सेतुरावजींची बहीण बसते, तो बंद करायची कोणाची छाती? माझ्या वडिलांची तरी नव्हती. तमाखूवाल्यांना दुसरी मुलगी मिळाली. मी शिकत राहिले.

आणि पापनाशमची मंडळी? ती आठवड्याभरात पुन्हा आली, दुखवट्याला. आता सेतुरावजींची पंचाईत. खरं सांगावं तर पुस्तकातल्या माणसासाठी व्याह्यांना दारातून परत पाठवलं असं होतं. त्यांनी डोळे मिटून दुखवटा स्वीकारला. म्हणाले, "फार मोठा माणूस. दुष्काळात स्वतःच्या ताटातलं शेजाऱ्यांना दिलं." मुलाचे वडील गहिवरले. अशा घराण्याशी सोयरीक व्हायलाच हवी, म्हणाले. चंद्राची ती थोरली बहीण आज समोरच बसली आहे. पदराआड हसतेय. बघा!

हसलात ना? बरं झालं.

परवा मला कोणीतरी विचारलं, बाई गेल्या, आता वर्ग बंद करायचा का? मी घरी जाऊन रात्रभर विचार केला असं सांगितलं तर शोभून दिसेल. पण तसं झालं नाही. मी जागच्या जागीच नाही म्हटलं. उद्या दुपारी चारला मी बसणार आहे. बाईंसारखं मला येत नाही. पण मुली येतील, आणि आपापल्या माणसांचं काय झालं ते मला विचारतील.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. एक सांगते. वर्गात शांतता झाली की बाई अस्वस्थ होत. "कोणीच वाचून आलं नाही वाटतं?" म्हणायच्या. तेव्हा बाई, आजच्यापुरती ही शांतता चालवून घ्या. आम्ही सगळ्या वाचून आलो आहोत.