अंबाडी समजून बांधलेली झाडं

माझं माहेर विट्याच्या पुढं, दुष्काळी भागात. काय सांगू तुम्हाला, काकू, आमच्याकडं अंबाडीशिवाय घर नव्हतं, वडील तिचा वाख काढून दोर वळायचे, दावं, कासरा, विहिरीचा सोल, सगळं अंबाडीचं, आणि कोवळी असली की आई भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून, वरनं लसणाची फोडणी, अशी आंबट की एक डोळा आपोआप मिटायचा. पान तिचं पंजासारखं, बोटं फाकल्यासारखं, कडेला बारीक करवत. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्या पानावरनं झालं.

सातवीनंतर शाळा सुटली आणि मी द्राक्षबागेत रोजानं जायला लागले. द्राक्षाला आपल्या मनानं वाढू देत नाहीत, शेंडा खुडायचा, खुडला की बाजूच्या काड्या फुटतात, त्या आडव्या पसरायच्या आणि तारेला बांधायच्या, आवळून नाही, सैल, काडीला श्वास घेता आला पाहिजे. मुकादम सगळ्यांना ओरडायचा पण मला नाही, म्हणायचा, सुनंदाच्या हाताला काडी घाबरत नाही. मला त्याचं लई कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग लग्न झालं. आमचे हे, विलास, तेव्हाच बहारीनला होते, सलमाबादला गॅरेजमध्ये डेंटर, ठोकलेल्या गाड्या सरळ करायचं काम. मी बऱ्याच वर्षांनी आले, पोरीला घेऊन. सलमाबादलाच गॅरेजच्या मागच्या गल्लीत फ्लॅट घेतला, एक खोली आमची, एक इकबालभाईंची, ते दापोलीकडचे, हिद्दला बंदरावर क्लिअरिंगच्या ऑफिसात क्लार्क. किचन आणि फ्रीज दोघांत. मी मनामात जुफैरला चार घरचा स्वयंपाक धरला. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, बाहेर काम करायची परवानगी नाही, हे तुम्हाला माहीत आहे, सगळ्या करतात तशी मीही करत होते, पण पोलिसाची गाडी दिसली की पदर सारखा करायची सवय लागली होती.

जुफैरच्या एका घरी अद्वैत म्हणून मुलगा एकटाच राहायचा, पुण्याचा, कंप्युटरवाला. मला मावशी म्हणायचा, कधी आवाज चढवला नाही, भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणायचा, मावशी, आज समुद्र जवळ आला वाटतं. त्याची आई दर गुरुवारी मला फोन करायची, सुनंदाताई, जेवतोय ना तो, बारीक दिसतो हो. त्याच्या फ्लॅटला किचनच्या मागं मेडची खोली होती, ती कायम कुलूपबंद, एसी मात्र रात्रंदिवस चालू. मला वाटायचं कंप्युटर असतील. घरात बखूर, इकडचा अरबी धूप, जाळायचा, धुराच्या खाली दुसराच एक वास यायचा, ओल्या गवताला घाम आल्यासारखा. मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपण वासावर बोलत नाही.

एके दिवशी त्या दाराखालनं पाणी आलं, एसी गळत होता, पार किचनच्या मधोमध डबकं झालं. त्याला ऑफिसात फोन केला. तो आधी म्हणाला, थांबा, मीच येतो. मग म्हणाला, मावशी, किल्ली माझ्या कपाटात आहे, फक्त बादली लावा आणि बाहेर या. दार उघडलं तर काय, काकू, काळ्या कापडाचा तंबू, चेन थोडी उघडी, आत दिवाळीसारखा लखलखाट आणि कुंड्यांत हिरवीगार झाडं, पानं पंजासारखी, कडेला करवत. मी फोनमध्येच ओरडले, अगं बाई, अंबाडी! तो म्हणाला, काय म्हणालात? मग हसला, खूप हसला, म्हणाला, हो मावशी, अंबाडीच, तुम्ही कशी ओळखलीत? बिल्डिंगवाले आत झाडं लावू देत नाहीत, पाणी गळतं ना, म्हणून कुणाला बोलू नका. मी म्हटलं, कशाला बोलू, बाळा, पण ह्या फांद्या कुणी बांधल्या, सगळ्यांचा गळा आवळलाय.

माझ्याच तोंडानं म्हटलं. त्यानं मला ओढलं नाही, काकू, मी चालत गेले. झाडांच्या फांद्या त्यानं वायरनं खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधल्या होत्या, आडवं पसरवायचं, म्हणजे सगळ्या फांद्यांना सारखा उजेड, हे मला सांगायची गरजच नव्हती, ही तर द्राक्षाची बांधणी. वायर रुतून साल सोलली होती. मी वायरी काढल्या, माझ्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडल्या आणि सैल गाठी मारल्या. एक पान चावून बघितलं, आंबट नाही, कडवट. म्हटलं, एसीतली अंबाडी, तिला कसला आलाय आंबटपणा.

नंतर तो सुट्टीवर पुण्याला गेला. किल्ली माझ्याकडं दिली. मावशी, पाणी घाला, शेंडे तुम्हाला कळतात तसे खुडा, आणि मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवत जा, तुम्हाला टाइप करायला नको. फोटोही पाठवा, पण हात शेजारी धरा, म्हणजे झाड केवढं झालं ते कळतं. मी रोज पाठवायची. बाळा, आज ह्या दोन फांद्या बांधल्या, बाळा, आज शेंडे खुडले, बघ कसं छत्रीसारखं पसरलंय, माझ्या हाताला यश आहे बघ. आणि फोटोत माझा हात, हिरव्या बांगड्यांसकट. तो अंगठा पाठवायचा. कधी लिहायचा, मावशी, तुम्ही एक्सपर्ट. कोण म्हणतं हो आपल्याला असं?

खुडलेले शेंडे टाकवेनात. कोवळे लुसलुशीत, आणि इतक्या वर्षांत अंबाडी मिळाली नव्हती. एक पिशवी भरली आणि बसनं घरी आणली, मांडीवर ठेवून, वरनं पानं बाहेर आलेली. मनामाच्या स्टॅंडवर बस बदलताना एक पोलीस माझ्या शेजारनं गेला, त्यानं पिशवीकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघून हसले. 

फ्रीजमध्ये पिशवी ठेवली. पोरगी म्हणाली, mumma, what's that smell? म्हटलं, ह्याला अंबाडी म्हणतात, उद्या खाशील तेव्हा कळेल. संध्याकाळी इकबालभाई ताक काढायला गेले आणि फ्रीजचं दार धरून उभेच राहिले. त्यांनी दार लावलं, परत उघडलं. मग अगदी हळू म्हणाले, सुनंदा, ह्या कुठून आणलंस गो? म्हटलं, कामाच्या घरनं, अंबाडी आहे, तुम्हाला पण देते. ते म्हणाले, अंबाडी नाय गो बाय ही. बंदरावर आमच्या भिंतीला ह्याचा फोटो लावलेला आसा. ह्यो गांजा.

गांजा मी चिलमीतला ऐकलेला, बाबा-बैराग्यांचा. त्याला झाड असतं, पान असतं, आणि ते असं असतं, मला काय ठाऊक. आमच्या ह्यांनी दाराला कडी घातली. नुसता बाळगला तर जेल, म्हणाले इकबालभाई, लावला असला तर काय बोलायचंच नको, आयुष्य जाईल, आणि ज्या घरात सापडंल तिथली सगळी जातील, तुम्ही, मी, माझी बायको. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी उचलली आणि संडासात मूठ मूठ टाकून पाणी ओतत राहिले, त्यांची बायको फरीदाभाभी व्हिनेगरनं फ्रीज पुसत होती, आणि मी साबणानं हात धूत होते, बोटं चिकट झालेली, वास जाईना, तेल लावलं, बेसन लावलं, तरी जाईना.

मी म्हटलं, पोलिसात जाऊन खरं सांगू. हे म्हणाले, काय सांगशील? चोरून काम करते म्हणून सांगशील? आणि फोनवर त्याला पाठवलेला तुझा आवाज? तोवर मला आवाजाची आठवणच नव्हती. फोन काढला आणि एक एक ऐकलं. बाळा, आज ह्या दोन फांद्या बांधल्या. माझ्या हाताला यश आहे बघ. खोलीत सगळे ऐकत होते. पोरीनं कान झाकून घेतले. त्यात अद्वैतचा आवाज कुठंच नव्हता, काकू, नुसते अंगठे आणि ते एक्सपर्ट. सगळं बोलणं माझं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. त्याच्या आईचा फोन आला. मी ठरवलं होतं, आईला सांगायचं, आई आहे, कान धरेल, झाडं काढायला लावेल, आपल्यात पोरगं वाकडं गेलं तर आधी त्याच्या आईलाच सांगतात. माझ्या तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, अहो सुनंदाताई, तुमची अंबाडी काय झकास आलीय! अद्वैतनं फोटो दाखवले, मी म्हटलं ह्या बांगड्या सुनंदाताईंच्याच. म्हणाला, मावशींना गावची फार आठवण येते, म्हणून मी त्यांना ती खोली वापरायला दिली. मी म्हटलं, चांगलं केलंस रे.

 म्हणजे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. अंबाडी हा शब्द मी दिला आणि त्यानं तो माझ्याच नावावर चढवला. आवाज माझा, हात माझा, हौस माझी, किल्ली माझ्याकडं, आणि आता साक्षीला त्याची आई, तीही बिचारी खरं बोलणारी. उद्या काही झालं तर ती पुण्यात हात जोडून सांगणार, हो, सुनंदाताईंचीच झाडं.

ताई काय काय बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. मग कुठनं आलं माहीत नाही, मी म्हटलं, हो ताई, माझीच. पण कीड पडली हो, पांढरी माशी. उद्या सगळी काढून टाकते. त्या म्हणाल्या, अरेरे, पण काढाच बाई, घरभर होईल, मी सांगते अद्वैतला. मी म्हटलं, सांगा, माझी होती, मीच काढली म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. ह्यांना येऊ दिलं नाही, दोघं सापडलो तर पोरीला कोण? बिल्डिंगचा नातूर म्हणजे वॉचमन, केरळचा म्हातारा, रोजच्यासारखा म्हणाला, मावशी, आज क्या पकाएगा? मी नुसती पिशवी दाखवली, पिशवीत कात्री. लिफ्टच्या कॅमेऱ्याकडं बघितलं नाही आणि मग वाटलं, बघत नाही म्हणून शंका येईल, म्हणून बघितलं.

खोलीत तोच लखलखाट. माझ्याच गाठी, मीच कापल्या. फांद्या सुटल्या की हळूहळू वर उठायच्या, झोपेतनं उठल्यासारख्या. खोटं नाही बोलत, काकू, हात थांबत होता. झाडाचा काय दोष. मग कापलं, सगळं कापलं, मिक्सरला लावलं आणि संडासात पाणी ओतत राहिले, मधेच पाणी तुंबलं, वर वर यायला लागलं, हिरवं, फेसाळ, मी दोन्ही हातांनी भांडं धरून देवाचं नाव घेत होते, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

मी हलले नाही. परत वाजली. मी मिक्सर बंद केला, मग वाटलं, बंद झाल्यामुळं घरात कोण आहे ते कळलं असेल, परत चालू केला, रिकामाच. पाणी एकदम गडगड करून खाली गेलं. खूप वेळानं दाराच्या भोकातनं बघितलं तर कुणी नाही, खाली पिझ्झ्याचा कागद पडलेला. मी तिथंच बसले आणि रडले. मग फरशी पुसली, भांडी घासली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

अद्वैत परत आल्यावर त्याचा फोन आला. मावशी, घर एकदम स्वच्छ केलंत.  आई म्हणाली कीड पडली. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, कामाला या ना. मी म्हटलं, गुडघे धरलेत, जिने होत नाहीत. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे हे दोघांनाही माहीत. तो म्हणाला, बरं, मावशी, काळजी घ्या, तुमचे सगळे मेसेज आहेत माझ्याकडे, ऐकले की तुमची आठवण येईल. साधंच म्हणाला असेल. साधंच म्हणाला, असं मी रोज स्वतःला सांगते. फोन ठेवून ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, खलास, विसर आता. पण रात्रभर कूस बदलत होते ते हेच.

तेव्हापासनं जुफैर सोडलं, तुमच्याकडं येते, तुम्ही देवमाणूस. आमचा व्हिसा पुढच्या वेळी रिन्यू होईल का, कुणी कुठं काही बोललं असेल का, बेल वाजली की अजून आधी हात धुवावेसे वाटतात. आई गावाहून म्हणते, तुझा आवाज येत नाही गं हल्ली, पाठव की बोलून. मी पाठवत नाही. तुम्ही परवा फोन पुढ्यात ठेवून म्हणालात, सुनंदा, बोल, रेकॉर्ड होतंय, तेव्हा मी भाजीचं निमित्त काढून उठले ते म्हणूनच. हातानं लिहा म्हटलं. तुम्ही लिहिलंत, बरं झालं, तुम्ही नीट लिहिता.

कॅनडातला तुमचा नातू हिवाळ्यात इकडं येणार म्हणालात, आणि त्यानं खिडकीत तेच झाड लावलंय, तिकडं ते चालतं म्हणून हसत फोटो दाखवलात. मला त्याच्या झाडाविषयी काही म्हणायचं नाही, चांगलं सांभाळलंय. फक्त त्याला सांगा, निघताना बॅग पलंगावर उलटी कर, खिसे बाहेर काढ, बुटात हात घालून बघ, शर्ट धुवून घाल. आजी येडी आहे म्हणू दे. आणि सुखरूप उतरू दे त्याला, काकू, विमानतळाच्या त्या काचेच्या दारातनं तो हसत बाहेर येऊ दे, एवढंच मी रोज दिवा लावताना मागते. आला की काय खाणार ते विचारून ठेवा. पालेभाजी सोडून काहीही करीन.