आमच्या गल्लीचा भोंगा

शुद्धलेखनाची माफी आधीच मागतो, वाचून दाखवतोय म्हणून चुका तुम्हाला दिसणार नाहीत ती गोष्ट वेगळी, शब्दही साधेच आहेत, आठवीत शाळा सुटली... पण मला सांगा, पुराचा भोंगा वाजला की माणसानं घराबाहेर पडायचं, का कान दुखतात म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या? आमची गल्ली खिडक्या लावते. नदी पायरीला लागली तरी जो तो दाराच्या फटीतून बघणार, समोरचा निघाला का. समोरचाही तेच बघतोय.

मग मोबाइल अ‍ॅपवाले आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. म्हणाले, "इशारा तुमच्या सवयींना धरून द्यायचाय. तुमची माणसं घराबाहेर कशासाठी येतात?" कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणाला, "भांडण बघायला." झालं. आणि भांडण म्हणजे कुणाचं, तर माझ्या आईचं आणि शेजारच्या काकूंचं, त्याला तोडच नाही, लोक गॅसवर दूध टाकून येतात. ठरलं, पाणी चढलं की प्रत्येक फोनवर त्या दोघींचं भांडण वाजणार. घरोघरी विचारलं, सह्या घेतल्या. मला मात्र कुणी विचारलं नाही.

माइक समोर आला आणि दोघी एकदम सोज्वळ. आई म्हणते, "तुम्ही आधी बोला ना." काकू म्हणतात, "छे हो, मान तुमचा." ओळखपत्रवाली बाई घामाघूम. शेवटी माइक बंद केलाय अशी थाप मारली, काकूंनी चहा केला, आई एक घोट घेऊन म्हणाली, "काहींच्या हातालाच गोडी नसते." मग काकू ज्या सुटल्या... "माझा हात सोडा, आधी आपले चिरंजीव बघा. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री मारतो आणि घरी येऊन स्वतःच्याच शर्टाची बटणं तोडतो. का? तर त्या शिलाईवालीकडून लावून घ्यायला. आणि ती काय म्हणते? दादा, धागा जाड लावू का? दादा म्हणते त्याला, दादा."

अ‍ॅपवाले खूश. मी म्हटलं, निदान ते दादा तेवढं काढा... म्हणजे मनातल्या मनात म्हटलं, माझा आवाज बारीक. आणि मला कुठं कुणी विचारलं होतं?

तुम्हाला सांगतो, पाणी चढलं, सगळे फोन एकदम वाजले आणि गल्ली बाहेर. पोरंबाळं बाहेर, म्हातारे खुर्चीसकट बाहेर, वरच्या शाळेपर्यंत ऐकत ऐकत चालत गेले, पुढं काय म्हणतेय म्हणून. एक माणूस दगावला नाही. शिलाईवालीही आली, मशीनचं डोकं पोटाशी धरून. तिच्या फोनवरही तेच. तिनं माझ्याकडे बघितलं, मग शर्टाकडे. धागा जाडच होता. लोक वाचले, चांगलंच झालं, मी कुठं नाही म्हणतो? पण मला कुणी विचारलं नाही.

बरं, तेही सोसलं. पण परवा पुन्हा पाणी आलं, तोवर भांडण गल्लीला पाठ. पोरं ते खेळताना म्हणतात. सलूनवाला दुकानात अडकलेला, घरी त्याची म्हातारी आई एकटी. तिनं फोन ऐकला, "दादा म्हणते ती, माहितीय," म्हणाली आणि कूस बदलली. पाणी पलंगाच्या वर आलं तेव्हा मी तिला खिडकीतून ओढली. हातापायांचा बर्फ झालेला, दातावर दात आपटतायत, आणि माझ्या गळ्याला मिठी मारून विचारते काय, "नवीन काही नाही का रे तुझं?"

अजून दवाखान्यात आहे. नळ्या लावल्यात. सलूनवाला बाहेर बाकावर बसलेला असतो, माझ्याशी बोलत नाही.

काल त्या ओळखपत्रवाल्या बाईंचा फोन आला. "रेकॉर्डिंगचा परिणाम ओसरलाय हो. तुमच्याकडे सध्या काही नवीन... म्हणजे तुमची हरकत नसेल तर?" बघा. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं.

आज सकाळी काकूंचं दार वाजवलं. म्हटलं, "काकू, कुणाला सांगू नका, आईला तर मुळीच नको. शिलाईवालीचं लग्न ठरलंय. नवऱ्या मुलाचा सूट इस्त्रीला माझ्याकडेच दिलाय. म्हणाली, दादा, जरा जपून."

"माझ्या तोंडून शब्द जायचा नाही रे," काकू म्हणाल्या, आणि तिथूनच माझ्या आईला हाका मारायला लागल्या.

मी कामावर गेलो. सूट संध्याकाळी द्यायचा होता.